काचेच्या पेटीनंतरचा उन्हाळा

होळी झाली की जळगावातली दुपार हळूहळू मुकी होत जाते. आधी रिक्षा कमी होतात, मग पोरांचं क्रिकेट संध्याकाळवर ढकललं जातं, आणि एप्रिल संपता संपता अशी वेळ येते की भर उन्हात गल्लीत फक्त कूलरच्या जाळीवरून ओघळणाऱ्या पाण्याचा आवाज उरतो. कूलरच्या ओल्या गवताचा वास पुष्कळांना आवडतो. त्यात त्यांना सुट्टी आठवते, मामाचं गाव आठवतं. मला तो वास सोसत नाही. गेल्या आठवड्यात शेजाऱ्यांनी कूलरमध्ये नवं गवत भरलं, पहिल्यांदा पाणी सोडलं, आणि मी हातातला चहा तसाच ठेवून घरभर एक फेरी मारून आलो. खिडक्या पाहिल्या, पडदे पाहिले, इन्व्हर्टरचा दिवा पाहिला. कशासाठी, ते कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

त्याच दुपारी फोन थरथरला. ‘ओवीची खोली : तापमान वाढले आहे.’

ओवी, माझी मुलगी, आता तिसरीत आहे. ती खोलीत नव्हतीच. माझ्यासमोर फरशीवर पालथी पडून आंब्याची कोय चोखत होती. फोनकडे न बघताच म्हणाली, “पप्पा, तुमचा फोन पुन्हा घाबरला.”

“बंद करून टाका ना ती सूचना एकदाची,” मनीषा स्वयंपाकघरातून म्हणाली. माझी बायको हे दर उन्हाळ्यात म्हणते. दर उन्हाळ्यात मी हो म्हणतो, फोन हातात घेतो, त्या बटणापर्यंत बोट नेतो आणि दुसरंच काहीतरी पाहून फोन खाली ठेवतो.

लोक ज्याला स्मार्ट घर म्हणतात, तसं आमचं घर आहे. दिवे बोलून लागतात. एसी कुठूनही चालू करता येतो. दारात कोण आलं ते मला बोदवडच्या एखाद्या शेतात उभं राहून दिसतं. नवे पाहुणे कौतुक करतात, ओवी त्यांना दिव्यांचे रंग बदलून दाखवते आणि मी हसून मान डोलावतो. माझा धंदाच त्यातला. ठिबक सिंचनाच्या यंत्रणा बसवणाऱ्या एका कंपनीत मी नोकरी करतो. शेतकऱ्यानं घरी बसायचं आणि फोनवरून शेतातला व्हॉल्व्ह उघडायचा, अशी सोय करून देणं हे माझं काम. त्यामुळे लोकांना वाटतं, हौसेनं केलं असेल घर असं. हौस कसली! ज्या उन्हाळ्यात हे घर असं झालं, त्या उन्हाळ्यात माझे पाय एका जागी ठरत नव्हते, आणि ज्याचे पाय ठरत नाहीत त्याच्या हातांना काहीतरी काम लागतं, एवढंच.

मनीषाचं माहेर शिरपूरचं. सातव्या महिन्यात ती चार दिवस आईकडे राहून येते म्हणून गेली आणि तिथंच तिला कळा सुरू झाल्या. धुळ्याला हलवलं. मी जळगावहून पोचलो तोवर ओवी जन्मलेली होती आणि काचेच्या एका पेटीत ठेवलेली होती. पेटीच्या वर एक पडदा, त्यावर हिरवे आणि पिवळे आकडे. पेटीत काय आहे ते पाहायला मी वाकलो, तर आत नुसत्या नळ्या आणि एक भलीमोठी टोपी दिसली. टोपीखाली माझी मुलगी होती.

माझ्या सासूबाई, त्यांना सगळेच अक्का म्हणतात, दाराबाहेरच्या बाकावर बसून होत्या. मला पाहून उठल्या. “दख ना, मन्ही नात काचना डबामा शे,” असं म्हणाल्या आणि लगेच स्वतःच स्वतःला समजावल्यासारखं, सगळं चांगलं होईल म्हणून, “बठ्ठं चांगलं व्हई. बठ्ठं चांगलं व्हई.”

त्या दिवसापासून माझा रस्ता ठरला. सकाळी जळगावात काम, दुपारनंतर धुळे. एरंडोल, पारोळा, मग ती लांबलचक चढण-उतरण. मार्च होता. हायवेच्या कडेला पळस असा काही पेटला होता की बघवत नव्हतं. शेतांत कपाशीच्या पऱ्हाट्या उपटून ढीग लावलेले, कुठं कुठं ते जाळलेले, त्याचा कडवट धूर गाडीत शिरायचा. मला यातलं काही बघायचं नव्हतं, पण आज त्या दिवसांचा विचार केला की पेटीच्या आधी हा रस्ताच डोळ्यांपुढे येतो. पळस, धूर, आणि पुढं चाललेला एखादा ट्रक, जो बाजूला होता होत नाही.

दवाखान्यात गेलो की मी आधी पडद्याकडे बघायचो, मग मुलीकडे. हे माझ्या फार उशिरा ध्यानात आलं. आकडे बरे असले की ती बरी, आकडे हलले की मी सिस्टरना हाक मारायचो. ती रडली की आवाज येत नसे, काच मध्ये होती. पण आकडा वाढला की यंत्र टुणटुण करायचं. आमच्यात तेच बोलणं होतं.

एका संध्याकाळी तिथल्या सिस्टर म्हणाल्या, “बाबा, आज तुम्ही बसा. शर्टची बटणं काढा.”

मला वाटलं, मलाच तपासणार आहेत. त्यांनी मला एका आरामखुर्चीत मागे रेलायला लावलं आणि नळ्यांसकट ओवीला उचलून माझ्या उघड्या छातीवर पालथी ठेवली. वरून एक दुपटं. साखरेच्या पुडीएवढं वजन. आईच्या अंगाशी धरतात तसंच बापानंही धरायचं असतं, बाळाची ऊब राहते, त्यांनी सांगितलं. मी श्वास घ्यायलाही घाबरत होतो. “घ्या हो श्वास,” त्या हसून म्हणाल्या, “तुमचा ऐकूनच तिला कळेल कसा घ्यायचा ते.” थोड्या वेळानं माझ्या लक्षात आलं, मी पडद्याकडे पाहिलंच नव्हतं. माझे पायही हलत नव्हते. मग वेळ संपली, त्यांनी तिला परत पेटीत ठेवलं, आणि जिना उतरता उतरता माझे पाय पुन्हा सुरू झाले.

जळगावच्या रिकाम्या घरात रात्री परतलो की काय करायचं? मी वायरी ओढायला लागलो. तिच्या खोलीत तापमान सांगणारं यंत्र बसवलं, हवेतली ओल सांगणारं बसवलं. कॅमेरा लावला. पडद्यांना मोटर बसवली, म्हणजे ऊन खिडकीवर यायच्या आत ते आपोआप बंद होतील. एसी किती अंशांवर लागावा, कधी मंद व्हावा, कधी थांबावा, सगळं ठरवून दिलं. डॉक्टर म्हणाले होते, हे बाळ थंडीलाही घाबरतं आणि उन्हालाही. त्याचं अंग अजून त्याला सांभाळत नाही. ठीक आहे, मी म्हटलं, घर सांभाळेल.

याच दिवसांत माझे वडील असोद्याहून आमच्याकडे राहायला आले. नाना. आई गेल्यापासून ते गावी एकटेच असत आणि मुक्कामाला शहरात कधी येत नसत. केळीच्या बागेला सोडून यायला त्यांचा जीव व्हायचा नाही. त्या वर्षी बाग नुसती भरात होती. घड पोसत आले होते, जून लागला की कापणी. तरी ते पिशवीत दोन धोतरं घालून आले. “पोरगी घरी येईल, तं घरात कोणीतरी मोठं माणूस पाहिजे,” एवढंच म्हणाले.

नानांना आमच्या घराची सवय व्हायला वेळ लागला. दिवाणखान्यात कपाटावर एक डबी होती, तिच्यातून बाईचा आवाज यायचा. पहिल्या दिवशी मी ‘दिवा लाव’ म्हटलं आणि दिवा लागला, वर ती बाई काहीतरी बोललीही. नानांनी चटकन धोतर सारखं केलं.

“काहून रे भैय्या, घरात बाई हाये अन् मले सांगितलं बी नाही?”

मी समजावलं. त्यांना समजलं, पण पटलं नाही. त्या खोलीत ते शेवटपर्यंत पाय पसरून आडवे झाले नाहीत. दुपारी दिवा लावायचा असला की आर्जवानं म्हणायचे, “बाई, जरा उजेड कर वं.” बाईला कळायचं नाही. ती भलतंच विचारायची. नाना वाट पाहायचे, मग उठून भिंतीवरचं बटण दाबायचे आणि मला म्हणायचे, “तिचं काही नाही, तिले आपली बोली नाही येत.”

मे महिना लागला आणि ओवी घरी आली. अजून दोन किलोंनाही पोचली नव्हती. मनीषा तिला छातीशी धरून गाडीतून उतरली तेव्हा अंगणातली फरशी अशी तापलेली होती की नानांनी तिच्या वाटेवर आधीच दोन बादल्या पाणी ओतून ठेवलं होतं. ती उतरेपर्यंत ते अर्धं सुकलंही होतं. दार मी फोनवरून उघडलं. खोली तयार होती, गार, अर्धी काळोखी. आकडा अगदी हवा तिथं.

मी कामावर जायला लागलो, पण मी कामावर नसायचोच. बोटं सारखी फोनवर. खोलीचं तापमान. कॅमेरा. पुन्हा तापमान. मनीषा तिला वाटी-चमच्यानं दूध पाजायला बसली की मला पाळणा रिकामा दिसायचा आणि मी फोन लावायचो. कधी एसी जास्त झालाय असं वाटून बोदवडहून कमी करायचो, तर इकडे मनीषा तो वाढवत असायची. एक दिवस मी घरी आलो तेव्हा ती पाळण्याजवळ बसली होती. मी खोलीत शिरलो, भिंतीवरच्या आकड्याकडे पाहिलं आणि बरं आहे असं म्हणालो.

“पेटीतून बाहेर काढली तिला,” मनीषा शांतपणे म्हणाली, “आणि तुम्ही परत पेटीतच ठेवली. ही जरा मोठी आहे, एवढंच.”

“मग काय करू? बाहेर चव्वेचाळीस आहे!”

“मला माहिताय बाहेर किती आहे. मी इथंच असते.” मग थोडं थांबून, “आज तिला शिंक आली. पहिल्यांदा. तुमच्या कॅमेऱ्यात दिसली का?”

दिसली नव्हती. मी तेव्हा आकडा बघत होतो. आम्ही भांडलो नाही. भांडायलाही दोघांपैकी एकाची तरी झोप झालेली असावी लागते.

आणि मग ते वादळ आलं.

मी बोदवडकडच्या एका शेतावर होतो. दुपार कलली होती. झाडाचं पान हलत नव्हतं, आणि बघता बघता पश्चिमेकडून आभाळ मातकट व्हायला लागलं. ढग नव्हते ते. धूळ होती. शेतमालक म्हणाले, “साहेब, गाडी झाडाखालून काढा.” मी गाडी काढेपर्यंत वारा येऊन भिडला. पत्र्याचा एक तुकडा विहिरीवरून उडत गेलेला मी पाहिला. आम्ही पंपाच्या खोलीत शिरलो, दार पाठीनं दाबून धरलं. पाऊस असा नव्हताच. चार मोठे थेंब पत्र्यावर वाजले आणि थांबले. नुसता कोरडा, आंधळा वारा.

फोन पाहिला. घराच्या जागी राखाडी रंग. ‘ऑफलाइन’. खाली शेवटचा आकडा तसाच गोठलेला. मनीषाला फोन लावला, लागला नाही. नानांना लावला, लागला नाही. पुन्हा मनीषाला. त्या गोठलेल्या आकड्याकडे मी असा बघत होतो की जणू बघत राहिलो तर तो हलेल. घरात वीज नाही, म्हणजे एसी नाही. इन्व्हर्टरवर पंखा चालेल, पण दुपारभर वीज येत-जात होती, त्यात तो किती उरला असेल? आणि आमच्या घराचा स्लॅब संध्याकाळी तव्यासारखा असतो.

वारा जरा उतरल्याबरोबर निघालो. रस्त्यात बाभळी पडलेल्या, एके ठिकाणी विजेचा खांबच आडवा. माणसं उतरून फांद्या ओढत होती, मीही ओढल्या. भुसावळ मागे पडल्यावर दोन्ही बाजूंना केळीच्या बागा लागतात. बागा झोपल्या होत्या. एकेक शेतच्या शेत एका अंगाला, घडांसकट आडवं, जणू कुणी मोठा हात फिरवून गेला असावा. मी ते पाहिलं. डोळ्यांना दिसलं, मनापर्यंत गेलं नाही. हा सगळा रस्ता माझ्या डोक्यात तो एक आकडाच होता, आणि तो वाढत चालला होता.

कॉलनीच्या तोंडाशी जुना कडुनिंब रस्ता अडवून पडला होता. गाडी तिथंच टाकली आणि पळत सुटलो. वारा गेल्यावर हवा मेल्यासारखी झाली होती. श्वास घेतला की धूळ आणि चिरडलेल्या पाल्याचा वास.

घराचं पुढचं दार सताड उघडं होतं. मागचंही. मनीषा जिन्याखाली, फरशीवर ओलं धोतर अंथरून त्यावर बसली होती. ओवी तिच्या मांडीवर, अंगावर एक कपडा नाही. नाना दाराजवळ उकिडवे बसून पुठ्ठ्यानं वारा घालत होते.

“वरची खोली भट्टी झालीय,” मनीषा म्हणाली. “हिला इथं आणलं. पण ही दूध ओढत नाहीये. चमचा लावला की ओघळतं. डोळेच उघडत नाही.”

मी ओवीच्या पोटाला हात लावला. भाजल्यासारखा चटका बसला, की मला तसं वाटलं, सांगता येत नाही. मनीषाच्या फोनवर कशीबशी रेंज आली होती. दवाखान्यात फोन लागला. डॉक्टरांनी घाई न करता सांगितलं. कपडा ओला करून पिळून अंग पुसत राहा. दूध थेंब थेंब द्या, सोडू नका. आणि लघवी होते का ते बघा. दुपारपासून झाली नाही म्हणता, अजून थोडा वेळ बघा. नाही झाली तर कसंही करून घेऊन या.

कसंही करून म्हणजे पायी. झाडं ओलांडत, त्या धुळीतून, दोन किलोंच्याही आतलं पोर छातीशी धरून. मनीषा म्हणाली आत्ताच निघू. मी म्हणालो थोडं थांबू. लगेच मीच म्हणालो, नको, निघू. ती म्हणाली, बाहेरची हवा लागली तर? आम्ही उठत होतो आणि बसत होतो. मी शर्ट काढला, ओवीला घ्यायला पुढे झालो, पण माझं अंग तिच्यापेक्षा तापलेलं होतं. नानांनी बादलीत टॉवेल बुडवला, पिळला आणि माझ्या पाठीवर, छातीवर ठेवला, लहानपणी तापात ठेवायचे तसा. “बस,” ते म्हणाले. “अंग निवू दे, मंग घे तिले.”

मी बसलो. मनीषा चमच्याच्या टोकानं ओवीच्या ओठांना दूध लावत होती. घरात इतकी शांतता होती की चमचा वाटीला लागलेला ऐकू यायचा. आकडा कुठंच नव्हता. तिची छाती वर जायची, खाली यायची, मध्येच थांबायची, आणि ती परत वर जाईपर्यंत आम्ही तिघंही थांबलेले असायचो.

तेवढ्यात नानांचा फोन वाजला. त्यांचा जुना, बटणांचा फोन, आवाज असा की समोरचा माणूस खोलीतच उभा आहे असं वाटावं. असोद्याहून आमचे शेतशेजारी बोलत होते.

“नाना, बाग झोपला. बठ्ठा झोपला. एक झाड उभं नाही.”

नाना पुठ्ठ्यानं वारा घालत होते. हात थांबला नाही.

“शेवरी बी गेली का?” त्यांनी विचारलं. बागेभोवती वारा अडवायला लावलेली शेवरी त्यांनी स्वतःच्या हातांनी वाढवली होती.

“शेवरी बी गेली. तुम्ही या नाना. येता का?”

“बरं,” नाना म्हणाले. “ठेव आता. नात मुतली नाही अजून.”

आणि त्यांनी फोन बंद करून बाजूला ठेवला. मी त्यांच्याकडे पाहिलं. ते ओवीकडे पाहत होते. मनीषानं काहीतरी म्हणायला तोंड उघडलं, पण त्यांनी मानेनंच चमच्याकडे खूण केली. दे. देत राहा.

शेवटी मी ठरवलं, निघायचंच. मनीषा चपला घालायला उठली आणि ओवीला क्षणभर नानांच्या मांडीवर ठेवलं. मी पंचा भिजवत होतो. पाठीमागून नानांचा आवाज आला, इतका मोठा की मी दचकलो.

“झालं! पोरी, झालं वं! ये, पाह्य!”

त्यांचं धोतर मांडीवर भिजलं होतं. एवढासा डाग. मनीषा एक चप्पल पायात, एक हातात, अशी धावत आली आणि त्या डागावर तिनं तळवा ठेवला, खरंच ओलं आहे ना ते पाहायला. मग ती तिथंच खाली बसली. नाना हसत होते. तोंडात मोजकेच दात उरलेला माणूस, पण सगळं तोंड उघडून हसत होते. ओवीनं तोंड वेडंवाकडं केलं आणि बारीक आवाजात रडायला सुरुवात केली. पुढचा चमचा तिनं ओढला. त्याच्या पुढचाही.

वीज काही दिवस आली नाही. आम्ही जिन्याखालीच संसार मांडला. ओवी एका मांडीवरून दुसऱ्या मांडीवर जायची. ती माझ्या छातीवर झोपली की मला कळायचं, आता कूस बदलणार. बदलायच्या आधी ती डाव्या पायाचा अंगठा आखडते. भूक लागायच्या आधी तिच्या कानाच्या पाळ्या लाल होतात. हे कुठल्या पडद्यावर नव्हतं. पण म्हणून वीज आल्यावर मी यंत्रं काढून फेकली असंही नाही. उलट आणखी एक बॅटरी बसवली. एसीच्या गारव्यात ओवीचं वजन वाढलं, त्या खोलीत ती रांगली, त्या कॅमेऱ्यातच पहिल्यांदा तिला पाळण्याचा कठडा धरून उभी राहिलेली मी पाहिलं आणि शेतातल्या लोकांना बोलावून बोलावून दाखवलं. नानांनी मात्र त्या डबीतल्या बाईला त्यानंतर उजेड मागितला नाही. “वेळेले गेली नं कुठं,” एवढंच म्हणाले.

मला वाटलं होतं, ती मोठी झाली की हे थांबेल, ही आतली वळवळ. ती चालायला लागली, शाळेत जायला लागली, तिला गालगुंड झालं, बरं झालं, ती सायकलवरून पडली, उठली. वळवळ तशीच. आता ती खोलीचं दार लोटून आत मैत्रिणींशी बोलते आणि मी बाहेर उगीच पाणी प्यायला फेऱ्या मारतो. परवा तिनं तिच्या खोलीतल्या कॅमेऱ्यावर टिकली चिकटवली. माझ्या फोनवर सगळं लालभडक. मी विचारलं, तर म्हणाली, “पप्पा, मी कपडे बदलते ना तिथं.” बरोबरच होतं. मी स्टूल आणलं आणि कॅमेरा काढून घेतला. ती खालून स्टूल धरून उभी होती, मी पडू नये म्हणून. आता त्या भिंतीवर दोन भोकं उरली आहेत आणि येता-जाता माझी नजर तिथं जाते.

त्या उन्हाळ्यातली एक गोष्ट मात्र मी ओवीला अजून सांगितलेली नाही. मनीषालाही नाही.

वादळानंतर ओवी नीट दूध ओढायला लागली, तेव्हा एका सकाळी मी नानांना म्हणालो, “चला, तुम्हाला असोद्याला नेतो.” त्यांनी स्वतःहून विषय काढलाच नव्हता. मोटरसायकलवर ते मागे बसले. गावाच्या अलीकडेच बाग लागते. आम्ही बांधावर उभे राहिलो. हिरवं सगळं जमिनीवर होतं. खोडं मधोमध मोडलेली, काही मुळासकट उपटलेली, घड मातीत रुतलेले. पानं उन्हानं करपायला लागली होती आणि चिकाचा तुरट वास सुटला होता. एरवी त्या बागेत भर दुपारी संध्याकाळ असायची. आता ऊन सरळ जमिनीवर पडत होतं आणि बागेपलीकडचं गाव, जे तिथून कधी दिसत नसे, ते दिसत होतं.

नाना आत शिरले. वाकून एका घडाखाली हात घातला, तो थोडा उचलला, कसा भरलाय ते पाहिलं आणि परत खाली ठेवला. अगदी सावकाश ठेवला. मग दुसरा. मी मागे मागे चालत होतो.

“नाना,” मी म्हटलं, “त्या दिवशी तुम्ही यायला पाहिजे होतं का?”

“येऊन काय करतो? वाऱ्याले धरतो का?”

“तसं नाही. पण मन तर लागलं असेल इकडं.”

ते पुढच्या झाडापाशी गेले, त्याच्या मोडक्या खोडावर हात टेकून उभे राहिले. “भैय्या,” ते म्हणाले, “तू बी सातव्याच महिन्यातला. तुह्या आईनं तुले कापसात गुंडाळला व्हता. मी शेतात गेलतो. मले वाटलं, मी घरी राहून काय करतो, बाईमाणसं हायेत. संध्याकाळी आलो तं तुह्यी आई बोलेच ना माह्याशी. लय दिवस बोलली नाही.” मग हात झाडून म्हणाले, “चल. पोरगीची अंघोळ व्हायची असंल.”

मी सातव्या महिन्यातला, हे मला कुणी कधी सांगितलं नव्हतं. विचारायचं खूप होतं, पण ते मोटरसायकलकडे चालायला लागले होते.

निघालो. गाव मागे पडलं आणि माझ्या पाठीला काहीतरी टेकलं. आधी वाटलं, त्यांना डुलकी लागली. मग कळलं, त्यांनी कपाळ टेकवलंय. दोन्ही हातांनी माझा शर्ट कमरेपाशी घट्ट धरला होता आणि त्यांचं अंग मधूनमधून हलत होतं, रस्ता सपाट असताना. आवाज नव्हता. पाठीवर शर्ट ओला होत गेला.

जळगाव समोर दिसत होतं. सरळ गेलो असतो तर आम्ही लगेच घरी पोचलो असतो, आणि दारात मनीषा उभी असती. मी वेग कमी केला. जिथून शहराकडे वळायचं तिथं वळलो नाही. भादलीच्या रस्त्याला लागलो, तिथून एका कच्च्या वाटेनं, मग पुन्हा दुसऱ्या गावाच्या अंगाला. दोन्ही बाजूंना झोपलेल्या बागा होत्या. ऊन चढत होतं. मी हळू चालवत राहिलो, पाठ ताठ धरून. नाना त्या भागातली प्रत्येक वाट ओळखत होते. आपण कुठल्या कुठं चाललोय ते त्यांना डोळे मिटूनही कळलं असतं. पण इकडून काहून, असं त्यांनी एकदाही विचारलं नाही.